कपलर टू कपलर

ईटमध्ये कुणी नवी गाडी आणली की तिचं इंजिन किती सीसीचं आणि ती लिटरला किती जाते, ही चौकशी दुसऱ्या दिवशी होते. पहिल्या दिवशी नारळ फुटतो, चाकाखाली लिंबं चिरडली जातात, पेढे वाटून होतात आणि बघायला जमलेल्यांपैकी कुणीतरी खिडकीतून आत मुंडी घालून विचारतो, "टेप कसला हाय?" कॅसेटी कधीच गेल्या, सीडी आली तशी गेली, पेनड्राइव्हसुद्धा आता वयस्क मंडळींकडेच दिसतो, तरी गाडीत जे वाजतं तो टेप. मग मालकानं गाणं लावायचं, आवाज वाढवायचा आणि जमलेल्यांनी दाराच्या पत्र्याला तळहात लावून बघायचा. पत्रा थरथरला तर गाडी चांगली. नाही थरथरला तर "मायलेज देती ना, मग झालं," असं म्हणून मालकाची समजूत काढायची आणि दुसरा पेढा घ्यायचा.

याला कारण आहे. भूम तालुक्याच्या या टोकाला राहणाऱ्या माणसाला कुठल्याही कामासाठी कुठंतरी जावं लागतं. तहसिलीचं काम भूमला, मोठी खरेदी बार्शीला, जिल्ह्याचं काम धाराशिवला आणि सोयरीक हमखास हद्दीपलीकडं, बीडकडं नाहीतर जामखेडकडं. वाटेत बालाघाटाचा माळ. बघायला बाभळी, त्याही उन्हाळ्यात डोळे बारीक करून बघाव्या लागतात. गाडीत चार माणसं बसली की पाऊस, दुधाचा भाव आणि पाहुणे हे तीन विषय पहिल्या दहा किलोमीटरांत संपतात. पुढं टेप नसेल तर माणसं राजकारणावर येतात, आणि राजकारणावर आलेली माणसं उतरताना एकमेकांचा निरोप घेत नाहीत. गावोगावच्या तंटामुक्ती समित्यांनी जेवढे तंटे मिटवले असतील त्याहून जास्त तंटे टेपनं सुरूच होऊ दिले नाहीत, असं माझं मत आहे.

पूर्वी टेप वाजवण्याचा मान काळीपिवळीवाल्यांचा होता. जीप एवढीशी, माणसं पंधरा, ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर. पण टेपची जागा कुणी अडवायची नाही. स्टँडावर दोन जीपा उभ्या असल्या तर उतारू टायर बघत नसत, कोणत्या जीपमध्ये काय वाजतंय ते ऐकून चढत. सकाळच्या खेपेला प्रल्हाद शिंदे, कारण तेव्हा गाडीत म्हातारी माणसं असायची. दुपारनंतर आनंद-मिलिंद, कारण तेव्हा कॉलेजची पोरं असायची. नवरात्रात आणि चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरली की दिवसभर आराधी गीतं. डॅशबोर्डावर ठेवलेल्या कॅसेटी मे महिन्याच्या उन्हात वाकायच्या आणि गायक मधेच दोन घोट घेतल्यासारखा गायचा. त्याबद्दल तक्रार नसे. वायरिंग म्हणाल तर बॅटरीहून दोन तारा आणि बाकाखाली लाकडी खोक्यात बसवलेल्या स्पीकरकडं गेलेल्या दोन तारा. टेप बंद पडला तर ड्रायव्हर त्याला वरून एक गुद्दा घाली. तेवढ्यानं भागलं नाही तर स्पिरिटचा बोळा. बोळ्यानं न सुटणारी अडचण त्या काळात नव्हती.

ही परंपरा आता उसाच्या ट्रॅक्टरांनी चालवली आहे. हंगाम लागला की मागं दोन ट्रॉल्या ऊस आणि टपावर दोन भोंगे घेऊन ट्रॅक्टर निघतात. मागून येणाऱ्यानं कितीही हॉर्न वाजवला तरी पुढच्याला ऐकू जाण्याची सोय नाही. सन २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, शिवाय रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. ट्रॅक्टरवाल्यांचं म्हणणं असं की नियम वस्तीसाठी आहे आणि आम्ही वस्तीत थांबत नाही, नुसते जातो. इथून जवळच खर्डा. १७९५ साली मराठ्यांनी निजामाला तिथं हरवलं. त्या दिवशी तोफा होत्या, हत्ती होते. पण रात्री दोन वाजता चढाला लागलेला उसाचा ट्रॅक्टर निजामानं ऐकला असता तर लढाई न होताच तह झाला असता.

या सगळ्या थाटात आवाज कुठून येतो हे कधी शोधावं लागलं नाही. तो समोरूनच यायचा, अंगावर यायचा. आवाज लपवून ठेवण्याची पद्धत आमच्याकडं आली ती पुण्याहून.

पुण्याचा माणूस चारपाच वर्षांत गाडीला कंटाळतो आणि त्याची गाडी मराठवाड्यात संसाराला लागते. अलीकडं अशा गाड्या टॉप मॉडेलच्या असतात. सेल्टॉस-क्रेटामध्ये बोसचे आठ स्पीकर, पहिल्या हॅरियरमध्ये जेबीएलचे नऊ, एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनीचे बारा. विकत घेणारा दारावरची नावाची बारकी पट्टी बघतो आणि खूश होतो. पण इतके स्पीकर हलवायचं बळ समोरच्या पडद्यामागच्या चिपमध्ये नसतं. त्यासाठी कंपनीनं वेगळा ॲम्प्लिफायर बसवलेला असतो. कुठं सीटखाली, कुठं डिकीच्या बगलेत, कुठं डॅशबोर्डाच्या पोटात. पत्र्याची डबी, वर उष्णता जायला खाचा. शोरूममध्ये सनरूफ उघडून दाखवतात, थंडगार सीट दाखवतात. ही डबी कुणी दाखवत नाही आणि कुणी मागतही नाही.

गाडीसाठीच घडवलेली अशी जोडणी कारखान्यातूनच देण्याचा पायंडा पाडणाऱ्यांत अमर बोस यांचं नाव मोठं. इंग्रजांनी तुरुंगात टाकलेल्या आणि पुढं अमेरिकेला निसटलेल्या बंगाली क्रांतिकारकाचा हा मुलगा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फिलाडेल्फियात शाळकरी वयात रेडिओ दुरुस्त करून घराला हातभार लावायचा. म्हणजे हा मूळचा रेडिओ मिस्त्रीच. पुढं एमआयटीत प्राध्यापक झाला. त्याच्या कंपनीनं जनरल मोटर्सबरोबर केलेली जोडणी १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या गाड्यांत आली. तिच्यात चार स्पीकर होते आणि प्रत्येकाला स्वतःचा ॲम्प. विचार असा होता की गाडी ही गाणं ऐकायला अतिशय वाईट जागा आहे. काचांवरून आवाज उलटतो, गादीत मुरतो, खाली टायर गुरगुरत असतात आणि ड्रायव्हर एका बाजूला बसलेला. म्हणून ज्या त्या गाडीचं माप घेऊन आवाज कुठं कमी करायचा आणि कुठं उचलायचा हे आधीच ठरवून त्या डबीत भरून ठेवायचं. ती डबी त्या गाडीची, ते स्पीकर त्या डबीचे. यातलं एक उचलून दुसरं तसंच ठेवलं की भानगड सुरू.

आमच्या गल्लीत ती भानगड आबांच्या घरी सुरू झाली. आबांची खव्याची भट्टी आहे. या पट्ट्यात पावसाचा भरवसा नाही, म्हशीचा आहे. म्हणून घरटी दूध आणि ठिकठिकाणी भट्ट्या. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर आबांची बोलण्याची पट्टी वाढली आहे. त्यांनी पुण्याहून सेकंडहँड गाडी आणली. गाडीचं नाव सांगत नाही, कारण तिच्यात दोष काही नव्हता, आणि गाडीचं नाव खराब केलेलं आबांनाही चालणार नाही. फक्त तिचा पडदा म्हातारा झाला होता. उजव्या कोपऱ्यात बोट लावलं की डावीकडचं स्टेशन लागायचं आणि मधोमध लावलं की फोन थेट व्याह्यांना जायचा. कंपनीत विचारलं तर नव्या पडद्याची किंमत ऐकून आबा म्हणाले, "एवढ्यात म्हैस येती. म्हशीलाबी आवाज असतोय, वर दूध देती."

म्हणून ते एका मोठ्या गावच्या कार डेकोरवाल्याकडं गेले. दुकानदारानं चहा मागवला आणि ते वाक्य म्हटलं, ज्यावर महाराष्ट्रातला गाडीच्या टेपचा सगळा धंदा उभा आहे: "काही टेन्शन नाही, कपलर टू कपलर." कपलर म्हणजे तारांच्या जुडग्याच्या टोकाला असलेली प्लास्टिकची खोबण. एकीत दुसरी टच्चकन बसते. तार कापायची नाही, सोलायची नाही, वॉरंटी जात नाही. हे वाक्य खरं असतं तेव्हा फार खरं असतं. पण दोन खोबणी एकमेकींत बसल्या म्हणून त्यांच्या आतल्या तारांचं एकमेकींशी पटलं असं होत नाही, हे आपल्याकडं लग्न जमवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. डेकोरवाल्यांना माहीत नसतं.

चहा संपायच्या आत सेट बसला. अँड्रॉइडचा, खोक्यावर '५० × ४ वॅट' छापलेला. पडदा असा लख्ख की आबांना त्यात स्वतःचा जबडा दिसला. गाणं लावलं. गायकाचा फोटो आला, खाली रेघ पुढं सरकायला लागली, रंगीत पट्ट्या वरखाली नाचायला लागल्या. आवाज नाही.

"गाणं खराब असंल," दुकानदार म्हणाला.

दुसरं लावलं. तेही खराब निघालं.

"मग तुमचे स्पीकर उडालेत."

"येताना वाजत होते की."

"मग येतानाच उडाले असतील. नवीन चार टाकून देतो, लावून गेलात तर मजुरी घेत नाही."

आबा खव्याच्या धंद्यातले. समोरचा भाव वाढवतोय हे त्यांना चहाच्या कपातूनही कळतं. ते तसेच निघाले आणि बार्शी रस्त्यानं घरापर्यंत, त्यांच्याच शब्दांत, "रंगीत सिनेमा बघत" आले.

गावात मुकी गाडी आली की गाव बोलायला लागतं. संध्याकाळी आबांच्या दारात सल्लागार मंडळ जमलं. येणारा प्रत्येक जण आधी पडद्यावरचा आवाज आणखी वाढवायचा, कान देऊन ऐकायचा, मान हलवायचा आणि मग निदान सांगायचा. एक म्हणाला अर्थिंग. ज्याला विजेतलं काही कळत नाही तो नेहमी अर्थिंग म्हणतो, आणि शंभरात साठ वेळा बरोबर निघतो, ही यातली दुःखाची बाब. दुसऱ्यानं बॅटरीचा एक टर्मिनल रात्रभर काढून ठेवायला सांगितलं. त्यानं गाडीला विश्रांती मिळाली, बाकी फरक पडला नाही. आबांचा भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही बाजूला व्हा, सेटिंगमध्ये जावं लागतंय." तो सेटिंगमध्ये गेला आणि बाहेर आला तेव्हा सगळा पडदा चिनी भाषेत होता. परत जायची वाट आता चिनी येणाऱ्यालाच सापडणार होती. भाचा "आलोच" म्हणून गेला.

मग शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे सर आले. त्यांनी आवाज वाढवला नाही. त्यांनी खोकं मागितलं, सेट मागून बघितला आणि तिथला फ्यूज वाचला: दहा ॲम्पियर. खव्याच्या रिकाम्या पुठ्ठ्यावर पेननं हिशेब मांडला. "गाडी चालू असताना बॅटरीवर धरा चौदा व्होल्ट. फ्यूज दहाचा. म्हणजे हा सेट बॅटरीकडून सतत घेऊन घेऊन घेणार किती? चौदा गुणिले दहा, एकशे चाळीस वॅट. मग हा पन्नास चोक दोनशे देणार कुठून?"

"आतून देत असंल," कुणीतरी म्हणालं.

"आत काय विहीर आहे?" सर भडकले. शाळेतही ते इथंच भडकायचे. "चौदा व्होल्टावर चार ओहमच्या स्पीकरला एका बाजूला खरे वीस-बावीस वॅट मिळतात. चारांचे मिळून ऐंशीच्या आसपास. बाकीचे नुसते छापलेले."

आबांनी पुठ्ठा हातात घेऊन आकडे निरखले. "म्हंजी दोनशे आटवले की ऐंशी उरत्यात. सर, चांगला धंदा हाय हो. आमचं पाच लिटर दूध आटवलं तर किलोभर खवा निघतोय."

सर हसले नाहीत, पण त्यांनी पुठ्ठा मागं घेतला आणि त्यावर आणखी एक वाक्य लिहिलं, जे कुणी वाचलं नाही: 'मग पूर्वी आवाज मोठा कसा येत होता?' त्या संध्याकाळी विचारला गेलेला योग्य प्रश्न एवढा एकच. पुढं तो पुठ्ठा खव्याबरोबर हैदराबादला गेला असावा.

दुसऱ्या दिवशी एका वायरमनला बोलावलं. घराचं फिटिंग, मोटारीचं वायंडिंग, लग्नाची लायटिंग असं सगळं करणारा हुशार माणूस. त्यानं कपलर टू कपलरवर विश्वास ठेवला नाही. दोन्ही कपलर कापून टाकले. सेटच्या स्पीकरच्या तारा थेट दारातल्या स्पीकरपर्यंत ओढल्या. आवाज आला! टाळ्या झाल्या. मग लक्षात आलं की चारच स्पीकर बोलतायत. मागचा वूफर आणि काचेजवळचे बारके गप्पच. आराधी गीतात झांजा ऐकू येत होत्या, संबळ कुठं गेला ते कळत नव्हतं. भूमपर्यंत जाऊन येईस्तोवर सेट इतका तापला की आपोआप बंद पडला. कारण साधं होतं. कंपनीच्या ॲम्पवर चालायचे स्पीकर पुष्कळदा कमी ओहमचे असतात. दोन ओहमचा स्पीकर चार ओहमसाठी केलेल्या सेटला जोडला की तो सेटकडून झेपेल त्याहून जास्त करंट मागतो. चिप बिचारी देत राहते आणि मग जीव वाचवायला झोपते.

शिवाय नवाच एक आवाज सुरू झाला. ॲक्सिलरेटर दाबला की गाण्याच्या मागं बारीक 'कुंईऽऽ'. जास्त दाबला की कुंई वर चढायची, पाय काढला की खाली यायची. ही अल्टरनेटरची पिरपिर. रंग न खरवडता एखाद्या स्क्रूला अर्थ बांधला की ती हमखास गाण्यात शिरते. (अर्थिंगवाला तेवढ्यापुरता बरोबर निघालाच.) गंमत म्हणजे हा रोग गाडीतल्या रेडिओइतकाच जुना आहे. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसवायचा रेडिओ काढून त्याला मोटोरोला नाव दिलं, तेव्हाही गाण्यापेक्षा इंजिनाच्या ठिणग्यांचीच खरखर जास्त ऐकू यायची, आणि ती दाबता दाबता त्यांच्या नाकी नऊ आले. आबांच्या घरच्या काकूंनी मात्र त्या कुंईचा उपयोग शोधला. मागच्या सीटवर डोळे मिटून बसल्या बसल्या त्या म्हणायच्या, "आवाज लई वर गेलाय. हळू चालवा." आबांना आयुष्यात पहिल्यांदा वेगमर्यादा लागू झाली आणि सेट नीट करायची घाई त्यांना तेव्हापासून जास्तच झाली.

सुटका झाली ती अनपेक्षित बाजूनं. उसाच्या ट्रॅक्टरांना डेक बसवणारा एक पोरगा आहे. रात्री दोन वाजता जो आवाज ऐकून आपण ज्याच्या नावानं बोटं मोडतो, तो हा. आबांचा ट्रॅक्टरवाला पाहुणा त्याला घेऊन आला. पोरानं पडदा बघितला नाही, आवाज वाढवला नाही, गाणंसुद्धा लावायला सांगितलं नाही. विचारलं एवढंच, "ॲम्प कुठाय?"

सगळ्यांनी पडद्याकडं बोट दाखवलं.

"त्यो टीव्ही हाय. ॲम्प कुठाय?"

कुणी उत्तर देईना म्हटल्यावर तो उताणा झाला, मोबाइलची बॅटरी दातांत धरली आणि पुढच्या डाव्या सीटखाली खांद्यापर्यंत घुसला. आतून वस्तू बाहेर येऊ लागल्या. शेंगांची टरफलं. पुण्यातल्या कुठल्याशा मॉलच्या पार्किंगची पावती. लहान मुलीची गुलाबी क्लिप. एक रुपयाचं नाणं, जे आबांनी तत्परतेनं खिशात टाकलं. मग त्यानं गालिच्याचा कोपरा उचलला आणि खाचांची काळी डबी उजेडात आली. वर बोटभर धूळ, कडेला पेन्सिलीएवढ्या जाड जुडग्याचा कपलर. आबा वाकून बघत राहिले. गाडी घेऊन वर्ष होत आलं होतं आणि तिच्यातला सगळ्यात महागडा आवाज काकूंच्या पायाखाली होता.

पोरानं मल्टिमीटर काढला. एक टोक सीटच्या उघड्या बोल्टला, दुसरं कपलरच्या मागून एकेका तारेला. जाड तारेवर बारा पूर्णांक सहा व्होल्ट. "हिला भाकरी मिळतीया," तो म्हणाला. अर्थ नीट होता. मग एका बारीक तारेवर काटा ठेवला, चावी फिरवली, सेट चालू केला. शून्य. परत बंद, परत चालू. शून्यच.

"हिला कुणी उठिवलंच न्हाई," तो म्हणाला.

त्याचं म्हणणं असं. ॲम्प सारखा चालू राहिला तर बॅटरी खाईल. म्हणून तो झोपलेला असतो. सेट चालू झाला की सेटनं एका तारेतून बारा व्होल्टाचा इशारा धाडायचा, मग ॲम्प जागा होतो. बाजारातल्या सेटच्या मागं त्यासाठी निळ्यावर पांढरी रेघ असलेली तार असते. डेकोरवाल्याच्या कपलरात ती तार होती, पण समोरच्या खोबणीत तिच्या जागी काहीच नव्हतं. टच्चकन बसलेल्या त्या जोडीत हीच एक तार बिनबोलाची राहिली होती. सगळ्याच गाड्यांत हे इतक्या स्वस्तात सुटत नाही, हेही त्यानं सांगितलं. नव्या गाड्यांत ॲम्पला उठवायचा निरोप एका तारेच्या व्होल्टांवर जात नाही, गाडीतली यंत्रं आपापसांत ज्या सांकेतिक भाषेत बोलतात त्या कॅनबसवर जातो. तिथं ती भाषा बोलणारी वेगळी डबी लावावी लागते आणि ती डबी त्याच गाडीची असावी लागते. काही जर्मन गाड्यांत तर तार जाऊन उजेड वाहून नेणारा प्लास्टिकचा धागा आला आहे. आबांचं नशीब की त्यांची गाडी अजून तारेवरच बोलणारी होती.

वायरमननं कापलेल्या तारा जोडण्यात पोराची अख्खी दुपार गेली. एकेक तार सोलायची, पिळायची, डाग द्यायचा, वर इन्सुलेशन टेप. कोणती कोणाची हे समजायला खालच्या-वरच्या रंगांचा मेळ नाही. बाजारातल्या सेटचा पांढरा म्हणजे डावा पुढचा आणि राखाडी म्हणजे उजवा पुढचा, पण गाडीच्या कंपनीनं स्वतःचे निराळेच रंग वापरलेले. त्यात ॲम्पला स्पीकरचा तयार मोठा आवाज पाजून चालत नाही, त्याला बारीक सिग्नल लागतो. म्हणून सेटच्या मागच्या प्रीआऊटच्या गोल पिनांतून तारा काढल्या. अर्थाचा स्क्रू खरवडून चकचकीत केला. वायरमन तोपर्यंत येऊन बाजूला उभा राहिला होता. पोरगा त्याला काही बोलला नाही, फक्त अधूनमधून त्यानं कापलेल्या तारेचा तुकडा वर करून बघायचा आणि खाली ठेवायचा. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

शेवटी निळी-पांढरी तार त्या उपाशी तारेला टेकवायची वेळ आली. आता इथं एक गोष्ट सगळेच विसरले होते. सर सोडले तर आल्या-गेल्या प्रत्येक सल्लागारानं आवाज वाढवून बघितला होता आणि कुणीही कमी केला नव्हता.

तार टेकली. मागं डिकीकडून 'टप्प' असा एकच आवाज आला. आणि मग आराधी गीत सुरू झालं. अर्ध्यातून, संबळासकट, सगळ्या स्पीकरांतून, अंगातला शेवटचा वॅट पणाला लावून. शेजारच्या गोठ्यात दोन उस्मानाबादी शेळ्या होत्या. जिल्ह्याचं नाव बदललं तरी जातीचं नाव बदललेलं नाही, पण त्या दिवशी त्यांनी गाव बदलायचं ठरवलं. दावं तोडून थेट पाटसांगवीच्या रस्त्याला लागल्या. समोरच्या आजी अंगात आल्यासारख्या घुमायला लागल्या आणि दोन बायकांनी त्यांना हळद-कुंकू लावलं. आबा पडद्यावर दोन्ही हातांनी बोटं मारत होते. पण आवाज कमी करायचं बटण चिनीत होतं, आणि जे दाबावं त्यातून व्याह्यांना फोन लागत होता. फोन उचलणाऱ्या व्याह्यांना पलीकडून फक्त संबळ ऐकू आला. पोरानं शांतपणे फ्यूज उपटला तेव्हा गल्लीत अशी शांतता पसरली की लोकांना आपण ओरडून बोलतोय हे कळायला थोडा वेळ लागला.

पत्र्याला हात लावायची कुणालाच गरज पडली नाही.

पोरानं आधी भाषा मराठी केली, मग मजुरी सांगितली. आकडा इतका कमी होता की आबांनी घासाघीस न करता दिला. वर किलोभर खवा बांधून दिला. खवा घेताना तो म्हणाला, "आबा, ह्यो आवाज गाडीतच ठिवा. भाईर काढू नका, लोकांना तरास व्हतो." उसाच्या ट्रॅक्टरांना भोंगे बांधणाऱ्याकडून हे ऐकताना सर हसले, त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच.

आबांनी त्या डेकोरवाल्याला फोन लावून सगळी कथा सुनावली. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग मी काय म्हणत होतो? कपलर टू कपलरच हाय ती गाडी." यावर आबांकडं उत्तर नव्हतं. कुणाकडंच नसतं.

तेव्हा वाचकहो, कंपनीच्या ॲम्पची गाडी तुमच्या दारात असेल आणि पडदा बदलायचा विचार असेल तर दुकानात गेल्यावर सेट किती इंचाचा आणि खोक्यावर वॅट किती, हे विचारू नका. जुना सेट त्यांच्याकडं सोडून येऊ नका. तारेला पक्कड लागू देऊ नका. दुकानदाराला फक्त एवढं सांगा, की या गाडीतला ॲम्प कुठं आहे तो बोट लावून दाखव आणि तो उठणार कुठल्या तारेनं ते सांग. त्यानं पडद्याकडं बोट दाखवलं तर चावी परत मागून घ्या. चहा आलेला असेल तर तेवढा पिऊन निघा.